सहावं कारण

मी दहावीत होते तेव्हा बी.ए.चा इतिहास पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला आहे, तोही मोठ्यानं. हुशार होते म्हणून नव्हे. शेजारच्या घरी एक ताई होती, तिला दिसत नव्हतं, तिला प्रायव्हेटनं बी.ए.ला बसायचं होतं, आणि आमच्या गल्लीत न अडखळता वाचणारी मी एकटीच होते. तिची आधीची वाचणारी मुलगी लग्न होऊन गेली. आईनं मला विचारलंसुद्धा नाही. ‘उद्यापासून दुपारी ताईकडे जाय,’ एवढंच म्हणाली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. उत्तर नागपुरातली आमची वस्ती म्हणजे बहुतेक गिरणीत जाणाऱ्यांची, छपन्न साली दीक्षा घेतलेल्यांची. त्या दिवशी ताई सात वर्षांची होती आणि तिला चांगलं दिसत होतं. बापाच्या खांद्यावर बसून तिनं ते मैदान पाहिलं, नजर जाईल तिथवर पांढरी लुगडी आणि पांढरी धोतरं. पुढच्या वर्षी तापात तिचे डोळे गेले.

‘इतिहास म्हणावा असा एकच दिवस म्या माह्या डोळ्यानं पाहिला,’ ती मला वाचनाच्या पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘अन् तो तुह्या या पुस्तकात नाही. पुस्तक सत्तेचाळीसले संपते. अन् जे पुस्तकात हाय, ते म्या काहीच पाहिलं नाही. ते सगळं तुह्या तोंडून. एक ओळ जरी खाल्ली ना वं, तर दारात उभी नाही करणार तुले.’

तिचं सगळं या एका विषयावर अडलं होतं. बाकीचे पेपर निघाले होते. शहरात अंध मुलींची एक शाळा होती; तिथल्या मोठ्या बाईंनी तिला शब्द दिला होता की बी.ए. झालीस की शिक्षिका म्हणून घेते, निकाल लागेपर्यंत जागा भरत नाही. राहायची खोलीही शाळेतच. आणि नापास झाली, तर भाऊ तिला काटोलकडे मामाच्या गावी नेऊन ठेवणार होता. भाऊ वाईट नव्हता. दोन खोल्यांत सहा माणसं, तो तरी काय करणार? मामाच्या ओसरीवर तिच्यासाठी एक बाज होती, आणि जन्मभर निवडायला तूर.

आमची शाळा सकाळची. बाराला सुटायची, एकला मी जेवून ताईकडे. उन्हामुळे दार लोटलेलं, खिडकीवर ओलं पोतं टाकलेलं. छपराच्या कवेलूच्या फटीतून एक उजेडाची पट्टी खाली यायची, तिच्यात मी पुस्तक धरून बसायची. ताई पलीकडे अंधारात, बाजेवर. ती मला दिसायची नाही. तिला तर मी कधीच दिसणार नव्हते. म्हणजे त्या खोलीत फक्त माझा आवाज तेवढा होता.

शाळेच्या इतिहासात माणसं शूर असायची आणि मरायची, संपलं. या पुस्तकात मरण्याला कारणं असायची. पाच कारणं, सात कारणं, पुन्हा त्यांचे परिणाम. मला ते आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू. वर्गात बाईंनी सत्तावन्न सालाबद्दल विचारलं तर मी उभी राहून पंधरा मिनिटं बोलले. बाई म्हणाल्या, ‘बस, वकिलीण.’ माझी मान आठवडाभर ताठ होती.

ताई लिहून घ्यायची नाही. ब्रेलची पाटी तिच्याकडे होती, पण कागद महाग, आणि एवढं टोचत बसायला वेळ कुठला. ती नुसती ऐकायची. अगदी गप्प. मध्ये एकदा ‘हं’ नाही की काही नाही. मला वाटायचं झोपली असेल.

चौथ्या का पाचव्या दिवशी मी दारापाशी आले आणि आत मी वाचत होते.

हे असंच सांगावं लागेल, दुसरं कसं सांगू? दार लोटलेलं, मी बाहेर चपला काढते आहे, आणि आत माझा आवाज कंपनी सरकारची तैनाती फौज वाचतो आहे. माझाच, पंधरा वर्षांचा, सर्दी झालेला. ज्या ठिकाणी मी आदल्या दिवशी नाक ओढलं होतं त्या ठिकाणी त्या आवाजानं नाक ओढलं. एका जागी तो थांबला आणि ‘बर्फवाला आला वाटते’ असं म्हणाला, कारण आदल्या दिवशी मी वाचता वाचता तसं म्हटलं होतं. मग पुढं वाचायला लागला.

मी चपला तिथंच टाकून घरी पळाले. आई धुणं वाळत घालत होती. ‘आई, ताईच्या घरात मी हाये,’ मी म्हटलं.

‘काय बोलून राहिली?’

सगळं सांगितलं तर आई म्हणाली, ‘भूतबित काही नसते. देवच सोडले आपण, भुतं कुठून आली? जाय, तिचा खोळंबा होते.’

ताईला विचारलं तर ती हसली. तिला हसायला आलं की ती तोंडावर पदर धरायची. म्हणाली, ‘अवं, म्या दुसरं कसं लक्षात ठेवू? तू जशी बोलली तशीच ठेवते. तुहा आवाज काढून टाकला तर मंग खाली काहीच राहत नाही.’ म्हणजे अख्खा हिंदुस्थानचा इतिहास तिच्या डोक्यात माझ्या सर्दीसकट साठत होता. मला त्याची सवय व्हायला पुष्कळ दिवस लागले, आणि खरं म्हणजे झालीच नाही. दुपारी एकला गल्ली रिकामी असते. त्या शांततेत स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या घरातून ऐकू येतो तेव्हा काही क्षण कळत नाही, आपण नक्की कुठल्या बाजूला आहोत.

फेब्रुवारीच्या शेवटी मराठी सत्तेच्या ऱ्हासाचं प्रकरण आलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की याची सात कारणं आहेत. मी पाच वाचली आणि पान उलटलं तर समोर सातवं. मधलं पान नव्हतंच. शिवणीपाशी नुसती फाटलेली कड. हे पुस्तक मीच बर्डीच्या टेकडीखालच्या बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलं होतं. आधीच्या कुण्या परीक्षार्थीनं ते पान कॉपीसाठी फाडून नेलं असणार. दुसऱ्या कशासाठी कुणी इतिहासाचं पान फाडतं? आणणार होते तेव्हा ताईनं बजावलं होतं, पानं मोजून घेजो. मी मोजली नव्हती. परत आल्यावर ‘मोजली का?’ विचारलं तेव्हा ‘हो’ म्हटलं होतं.

मी सातवं कारण वाचायला सुरुवात केली.

‘थांब,’ अंधारातून आवाज आला. ‘सहावं कुठी गेलं?’

त्या वेळी ‘पान फाटलंय’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? चार शिव्या बसल्या असत्या. पण ताईच्या शिव्या साध्या नसायच्या, आणि मला तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. बघा, आता नजरेतून म्हणते आहे. मी म्हटलं, ‘अगं, दोन पानं चिकटली होती.’ आणि वाचायला लागले. समोर सातवं कारण होतं, आणि तोंडानं मी सहावं वाचत होते.

‘सहावे कारण असे की, बर्डीच्या लढाईच्या वेळी भर दुपारी सैनिकांना टेकडीवरून, इंग्रजांच्या बाजूने, स्वतःचेच आवाज ऐकू येऊ लागले. प्रत्येकाला त्याचाच आवाज हाक मारीत असे. जे ओ देत, ते पुन्हा छावणीत दिसत नसत. यामुळे सैन्याचे मनोधैर्य खचले.’

कुठून आलं ते मला माहीत नाही. म्हणजे कुठून आलं ते चांगलंच माहीत आहे, पण इतकं सफाईदार कसं आलं, ते नाही. ‘मनोधैर्य खचले’ हे तर अगदी पुस्तकासारखं झालं.

बाज करकरली. ताई उठून बसली होती. ‘असं लिहिलं हाय?’

‘हो.’

‘पुन्हा वाच.’

मी पुन्हा वाचलं, शब्द न् शब्द तसंच. ती म्हणाली, ‘बिचारे.’

आता यात माझं काय चुकलं, असं मी स्वतःला समजावलं. एक कारण इकडचं तिकडं. पण ते कारण जागेवर राहीना. ताईनं आईला सांगितलं. आईनं नळावर सांगितलं. पंधरा दिवसांनी मागच्या गल्लीतली एक म्हातारी आमच्या ओट्यावर बसून मलाच सांगत होती की बर्डीच्या टेकडीवरून भर दुपारी आवाज येतात, तिच्या आजेसासऱ्यानं स्वतः ऐकले होते, आणि त्याचा एक भाऊ ओ देऊन गेला तो गेलाच. ‘इतिहासातबी हाय म्हंते ते,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘हो, हाये.’ दुसरं काय म्हणणार होते? त्यानंतर काही बाया शाळकरी पोरांना दुपारचं त्या रस्त्यानं पाठवीनात. टेकडी लष्कराच्या ताब्यातली, वर कुणी जाऊ शकत नाही, म्हणून खोटं पाडायलाही कुणी नव्हतं.

मार्चमध्ये एकदा ताई वाचन थांबवून म्हणाली, ‘काल मले ऐकू आलं.’

‘काय?’

‘माहा आवाज. म्या मोरीत भांडे घासून राहिली होती. बाहेरून म्याच मले हाक मारली.’ ती हे हळू, रोजच्यासारखं बोलत होती. ‘म्या ओ नाही दिली. तू वाचलं होतं ना, म्हणून वाचली.’

मला तेव्हाच सांगायचं होतं, तोंडापर्यंत आलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे मग ती हाक कुणाची, हेही सांगायचं. ते मला जमलं नाही.

माझी दहावी संपली. तिचा पेपर एप्रिलमध्ये होता आणि मला तिची लेखनिक म्हणून बसायचं होतं. विद्यापीठाचा नियम असा की लिहिणारा परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला हवा, म्हणजे त्याला विषय येत नसणार. आमच्या मुख्याध्यापिकांनी दाखला दिला की ही मुलगी दहावीत आहे, हिला बी.ए.चा इतिहास येत नाही. मी तो दाखला हातात घेऊन उभी होते आणि मला हसूही येत होतं, भीतीही वाटत होती.

पेपरच्या आठ दिवस आधी मी वाचनालयात गेले, तेच पुस्तक मागितलं, आणि ते पान काढलं. सहावं कारण होतं हेरखात्याची दुर्बलता. शत्रूच्या हालचालींची खबर वेळेवर मिळत नसे. दोन्ही बाजू भरून दाखले, पण मुद्दा बस्स, एवढाच. किती साधं! मी ते पाठ केलं आणि सांगायलाच म्हणून ताईकडे निघाले. दाराशी पोचले तर आत माझा आवाज सहावं कारण म्हणत होता. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. जणू तिला तेच एक सगळ्यांत जास्त आवडलं होतं. मी उद्या सांगू म्हणून परत आले. उद्या, उद्या करता पेपरचा दिवस आला.

कॉलेजात आम्हाला मागची एक लहान खोली दिली होती. डोक्यावर पंखा, कोपऱ्यात डुलक्या घेणारे एक म्हातारे पर्यवेक्षक. त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं की परीक्षार्थी सांगेल तेच आणि तेवढंच लिहीन. मी सही केली. प्रश्नपत्रिका वाचून दाखवली. तिसराच प्रश्न होता: मराठी सत्तेच्या ऱ्हासाची कारणे सविस्तर लिहा. ताईनं समाधानानं मान हलवली.

ती सांगायला लागली, माझ्या आवाजात. पर्यवेक्षकांची झोप उडाली. ते एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले, कारण बोलतंय कोण ते त्यांना कळेना. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. मी लिहीत होते. ‘सहावे कारण असे की,’ माझा आवाज म्हणाला, ‘बर्डीच्या लढाईच्या वेळी भर दुपारी...’

माझं पेन थांबलं. हे तपासणारा वाचेल, हसेल आणि शून्य देईल, वरून बाकीच्या उत्तरांकडेही त्याच नजरेनं बघेल. मामाची ओसरी माझ्या डोळ्यांपुढे आली. मी ‘हेरखात्याची दुर्बलता’ असं लिहिलं, खाली दोन ओळी आणखी. तिचं चांगलं व्हावं म्हणून लिहिलं, हे आजही छातीवर हात ठेवून सांगते. आणि स्वतःची चोरी झाकायला लिहिलं, हेही तितकंच खरं. ताई क्षणभर थबकली, मग सातवं कारण सांगायला लागली.

पेपर सुटला. भाऊ गिरणीतून येईपर्यंत आम्ही व्हरांड्यात उभ्या होतो. बाहेर ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ताई म्हणाली, ‘सहावं कारण म्या एवढं मोठं सांगितलं. तुहं पेन तीनच ओळी चाललं.’

मी प्रश्नपत्रिकेची घडी घालायला लागले.

‘काय लिहिलं?’

मी सांगितलं. पान फाटलेलं होतं तेही सांगितलं, पानं मोजली नव्हती तेही. ‘ते मी बनवलं होतं ताई. पुस्तकात तसं काहीच नाही.’

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त मान माझ्याकडे वळवली. ‘अन् मले जो ऐकू आला,’ तिनं विचारलं, ‘तो आवाज?’

त्याचं उत्तर मला आजही येत नाही. ती भिंतीला हात लावत आत परत जायला निघाली. मी मागं धावले. केंद्रप्रमुखांचं दार तिनं माझ्याशिवाय शोधलं आणि उभ्या उभ्या सांगितलं की माझ्या पेपरात मी न सांगितलेलं उत्तर लिहिलं गेलं आहे.

केंद्रप्रमुख चांगले गृहस्थ होते. त्यांनी मला विचारलं, मी रडत रडत कबूल केलं. ते तिला म्हणाले, ‘अहो बाई, उत्तर तर बरोबर आहे. मार्क वाढतीलच. जाऊ द्या, कुणाला कळणार आहे?’

‘मले कळलं ना,’ ताई म्हणाली. ‘साहेब, कोणी बी उठून मनानं लिहून ठेवते, अन् मंग तेच खरं होऊन बसते. आमच्या मायबापाची जिंदगी त्याच्यातच गेली. माह्या नावानं नको.’

त्यांनी नाइलाजानं अहवाल लिहिला. तो पेपर रद्द झाला. जुलैत शाळेतली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. आईनं मला मारलं नाही, पण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, त्यापेक्षा मार परवडला असता. आणि मला ताईचा रागही आला होता, हे लपवत नाही. एवढा हट्ट! गप्प बसली असती तर पास होती. कधी कधी अजून तो राग येतो, आणि मग लगेच स्वतःचीच लाज वाटते.

त्यानंतर मी त्या दारासमोरून जाईना. लांबच्या गल्लीनं फिरून घरी यायची. ऑगस्टमध्ये भाऊच बोलवायला आला. गावी न्यायचं त्यानं एक वर्ष पुढं ढकललं होतं, एकच वर्ष.

आत गेले तर बाजेवर नवं कोरं पुस्तक. ताई म्हणाली, ‘पानं मोज.’

मी एकेक पान मोजलं. सगळी होती.

‘ताई, दुसरं कोणी पाहा ना,’ मी म्हटलं. ‘माझ्याकडून नको.’

‘कोण? भाऊले वाचता येत नाही. वहिनीले फुरसत नाही. दुसरं कोण हाय मले?’ तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसेना. ‘तू चांगली हायेस म्हणून बलावलं असं समजू नको. मले कोणावर तरी विश्वास ठेवाच लागते. तुमच्यासारखं पाहून ठेवता येत नाही.’

मी पुस्तक घेऊन उजेडाच्या पट्टीत बसायला लागले. ‘तिथं नाही,’ ती म्हणाली, ‘इथं, माह्याजवळ.’ मी बाजेखाली, तिच्या पायांशी बसले. तिथं अंधार होता. पुस्तक डोळ्यांपाशी धरलं की अक्षरं जेमतेम लागत. तिचा हात खाली आला, माझी हनुवटी चाचपली, आणि दोन बोटं माझ्या गळ्यावर येऊन थांबली, जिथं आवाज फुटतो बरोबर तिथं. बोटं ओली आणि गार होती. ती दाबत नव्हती, नुसती ठेवून होती. मी आवंढा गिळला तो तिला कळला.

पुढं वर्षभर मी असंच वाचणार होते.

‘हं,’ ताई म्हणाली. ‘आता वाच.’